भौगोलिक कारण द्या

आमच्या सरांच्या सेवापुस्तकात अध्यापनाचा विषय म्हणून एकच शब्द लिहिलेला आहे: भूगोल. शाळेच्या वेळापत्रकात मात्र त्यांच्या नावापुढं कधी इतिहास, कधी नागरिकशास्त्र, कधी चित्रकला, मध्येच पी.टी. आणि एक अख्खा पावसाळा इंग्रजी असं काहीही असायचं. तालुक्याच्या शाळेत हे असंच चालतं. चित्रकलेचे शिक्षक रिटायर झाले की जागा रिक्त होते, रिक्त झाली की भरतीला बंदी असते, आणि बंदी असली तरी पोरांना चित्रकलेचा तास असतोच. मग पर्यवेक्षक कोरं वेळापत्रक घेऊन स्टाफरूममध्ये येतात आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडं बघून गोड हसतात. आमच्या सरांना नाही म्हणता यायचं नाही. म्हणून ते चित्रकला शिकवायचे असं मात्र कुणी समजू नये. त्यांनी जन्मभर भूगोलच शिकवला. तासाचं नाव तेवढं बदलायचं.

आठवीच्या चित्रकलेच्या पहिल्या तासाला सरांनी 'निसर्गचित्र काढा' असं सांगितलं आणि स्वतः टाचणवही लिहायला बसले. निसर्गचित्र म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या पोराला सांगावं लागत नाही. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य, त्याच खिंडीतून निघून पुढं रुंद होत जाणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, एक नारळाचं झाड, आणि आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी. सरांनी पहिली वही उचलली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं,

"उत्तर कुठंय?"

"कशाचं उत्तर, सर?"

"आरं, उत्तर दिशा! बाण कुठाय चित्राला?"

पोरगं गप्प.

"बरं, सूर्य उगवतोय का मावळतोय?"

"उगवतोय, सर."

"म्हणजे डोंगर पूर्वेला. नदी निघाली पश्चिमेला. म्हणजे ही कोकणातली नदी. नारळ बरोबर हाय तुझा. पण झोपडी इतक्या काठाला? लेका, हे पूररेषेच्या आतलं बांधकाम हाय. पावसाळ्यात जायचं कुठं ह्या माणसांनी?"

त्या पोरानं झोपडी खोडून डोंगरावर नेली. सरांनी दहापैकी आठ मार्क दिले. दोन कापले ते चित्राला प्रमाण दिलं नव्हतं म्हणून.

पी.टी.च्या तासाला 'दाहिने मुड' ऐवजी 'दक्षिणेकडं तोंड करा' अशी ऑर्डर असायची. निम्मा वर्ग एकीकडं, निम्मा दुसरीकडं. शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनी हा प्रकार बघून कपाळाला हात लावला होता, पण त्यांनाही दक्षिण कुठली ते पटकन सांगता आलं नाही, असं शिपाईमामा आजही सांगतात.

इतिहासाच्या तासाची गंमत आणखी वेगळी. पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज निघाले, की शेजारच्या तुकडीतली पोरं मुठी आवळून बसायची. आमच्या वर्गात सर आधी विचारायचे, "१६६० सालचा जुलै. आषाढ. वारा कुठनं येतोय?" नैऋत्येकडून. "पालखी चालली कुणीकडं?" पश्चिमेला. "म्हणजे पाऊस तोंडावर. आता पायाखाली काळी माती का जांभा? भोयांचा पाय घसरणार का रुतणार?" हे सगळं ठरेपर्यंत घंटा व्हायची आणि महाराज तिकडं मसाईच्या पठारावर भिजत असायचे. बाजीप्रभूंसाठी शुक्रवारच्या तासापर्यंत थांबावं लागायचं. तेव्हा आम्हाला राग यायचा. पुढं जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत गेलो तेव्हा त्या जांभ्यावर सडकून आपटलो, आणि सर कशाबद्दल बोलत होते ते माकडहाडाला समजलं.

सर मूळचे माण तालुक्यातले. सातारा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. पश्चिमेच्या कडेला महाबळेश्वर, तिथं वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. पूर्वेच्या कडेला माण, तिथं पाचशेच्या आतबाहेर, आणि तोही मनात आलं तर. जिल्हा एक, कलेक्टर एक, एस.टी.नं तीन-चार तासांचं अंतर. सर १९६४ सालचे, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात आठ वर्षांचे. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि हे पोरगं सुकडी खात दगडाच्या ढिगावर बसून पश्चिमेकडून येणारे ढग बघायचं. ढग यायचे, डोक्यावरून पूर्वेला निघून जायचे. शाळेतल्या गुरुजींना त्यानं विचारलं की हे ढग आपल्याकडं का थांबत नाहीत. गुरुजींनी फळ्यावर एक डोंगर काढला, अलीकडं ढग काढला, आडव्या-तिडव्या रेघांचा पाऊस काढला, आणि डोंगराच्या पलीकडच्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, "आपण हितं." पर्जन्यछाया. सर म्हणतात, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपल्या घरच्या दारिद्र्याला नशिबाशिवाय दुसरंही काही कारण असू शकतं.

मग सातारा. छत्रपती शिवाजी कॉलेज, कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना. पहाटे शेतात काम, दिवसा लेक्चर, रात्री अभ्यास. बी.ए.ला भूगोल घेतला तेव्हा गावातल्या शहाण्यांनी विचारलं की भूगोलात काय नोकरी असती. बी.एड. झाले, १९८८ साली शाळेत लागले आणि ज्या शाळेत लागले तिथूनच रिटायर झाले. एवढं सगळं चरित्र. मध्ये दोन मुलं, एक घर, आणि मुख्याध्यापकपदाची चालून आलेली संधी, जी त्यांनी 'हेडमास्तर झालं की तास सुटतात' या कारणासाठी सोडली. काकींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्याबद्दल त्यांना अजून माफ केलेलं नाही.

घरात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, जिथं बाकीच्यांच्या भिंतीवर कालनिर्णय आणि लग्नातला फोटो असतो, तिथं सरांनी भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट फ्रेम करून लावली आहे. ४७ के मालिकेतली. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. पाहुणा चहाला टेकला की सर त्याला उठवून नकाशापुढं नेतात आणि त्याचं गाव दाखवतात. गाव चौकटीच्या बाहेर असलं तर सरांचा चेहरा पडतो, भिंतीवर फ्रेमबाहेर बोट टेकवून ते म्हणतात, "तुम्ही साधारण हितं, स्विचबोर्डापाशी." आमच्या एका मित्राचं सासर असं कायमचं स्विचबोर्डापाशी आहे.

'भौगोलिक कारण द्या' हे सरांचं ब्रीदवाक्य. प्रश्नपत्रिकेत असतं तसंच, त्याच सुरात. शाळेत उशिरा आलेल्याला बाकीचे शिक्षक अंगठे धरायला लावायचे. सर दारात आडवा हात धरून म्हणायचे, "भौगोलिक कारण द्या." ओढ्याला पाणी आलं होतं? आत या. सायकल पंक्चर झाली? हे यांत्रिक कारण, बाहेर थांबा. आई आजारी आहे? सर क्षणभर थांबायचे, "हे कौटुंबिक. आत ये बाळ. डबा आणलास का?" आणि डबा नसेल तर मधल्या सुट्टीत त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी त्या पोराकडं जायची. महिनाभरात पोरं तयार झाली. "सर, पश्चिमेचा वारा होता, सायकल रेटंना." सर खिडकीतून लिंबाच्या शेंड्याकडं बघून वारा तपासायचे. "वारा बरोबर हाय. पण तू पश्चिमेच्या वाडीतनं येतोस. वारा पाठीवर होता तुझ्या. उलट लवकर यायला पायजे होतास." आख्ख्या शाळेत सरांना 'अक्षांश' म्हणायचे आणि काकींना, त्यांना कधी न सांगता, 'रेखांश'.

दिशांचं वेड त्यांना घरातही सुटलेलं नाही. "मिठाची बरणी कुठाय?" या प्रश्नाला त्यांच्या घरी "ईशान्येच्या फळीवर" हे उत्तर मिळतं, आणि काकी ते देतात, हे विशेष. डावं-उजवं त्यांना मान्यच नाही. एकदा माझ्या गाडीतून पंढरपूरला निघालो. मोबाइलवरची बाई म्हणाली, उजवीकडं वळा. सर मागच्या सीटवरून म्हणाले, "उजवं कुणाचं? हिचं का आपलं? उत्तर सांग की सरळ!" मी आवाज बंद केला. मग पंढरपूरपर्यंत सर सांगत होते, "आता आग्नेयेला धर." आग्नेयेला धरल्यावर समोर उसाचा फड होता.

एस.टी.त बसण्याचं त्यांचं शास्त्र तर ऐकण्यासारखं आहे. साताऱ्याहून सकाळी पूर्वेकडं निघालेली गाडी असेल तर हिवाळ्यात डाव्या खिडकीला बसावं, कारण सूर्य दक्षिणेकडून येतो आणि उजवी बाजू तापते. इथपर्यंत ठीक आहे. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत आपल्याकडं सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा हाच नियम उलटा. आणि पुसेगावच्या पुढं रस्ता वळला तर काय, याची पोटकलमं वेगळी. हे सगळं ते दारात उभे राहून, हातात पिशवी घेऊन, मागच्या लोकांना अडवून समजावून देतात. तोवर सावलीच्या सगळ्या जागा भरतात. सर उन्हात बसतात, पण कारण माहीत असल्यामुळं त्यांना ते ऊन लागत नसावं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेला सुट्टी असताना, ते पोरांना मैदानावर बोलवायचे. भर दुपारी. कारण त्या सुमाराला एक दिवस आमच्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पोरं घाम पुसत काठीकडं बघत उभी. सावली आखडत आखडत बुंध्यात शिरते. सर घड्याळ बघत हळूच म्हणतात, "गेली." पाच-सहा मिनिटांत ती दुसऱ्या बाजूनं बाहेर येते आणि कार्यक्रम संपतो. मग सर्वांना सरांकडून एकेक पेप्सीकोला. पोरं कशासाठी यायची याबद्दल स्टाफरूममध्ये दोन मतं होती.

आता पर्जन्यमापकाकडं वळतो, कारण सरांच्या घरातला खरा कुलदेव तोच. शीतपेयाची सरळ बाजूंची बाटली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला, तळाचा खोलगटपणा बुजवायला आत खडे आणि शून्याच्या खुणेपर्यंत पाणी, बाजूला चिकटपट्टीनं लावलेली फुटपट्टी. तुळशी वृंदावनाच्या पलीकडं मोकळ्या जागी ही बाटली विटांच्या मखरात उभी असते. झाडाची किंवा भिंतीची आडकाठी मापकाला चालत नाही, म्हणून काकींची कपडे वाळत घालायची दोरी परसात गेली, शेवग्याचं झाड गेलं. तुळस बुटकी असल्यामुळं राहिली. हवामान खात्याच्या नियमाप्रमाणं माप रोज सकाळी साडेआठला घ्यायचं. अडीच मिलिमीटर भरला तर तो पावसाचा दिवस, त्याच्या खाली नुसताच पाऊस. दोनशे पानी वह्यांचे गठ्ठे माळ्यावर आहेत. त्यात १९९० पासूनचा प्रत्येक थेंब आहे, आणि त्याहून जास्त शून्यं आहेत.

"मोजल्यानं वाढतो व्हय?" काकी विचारतात.

"मोजल्यानं किती नाही पडला ते कळतं," सर म्हणतात.

मुलीचा साखरपुडा जूनमध्ये होता. रात्रीपासून मृगाची चांगली झड लागली होती. पाहुणे वेळेआधीच, आठलाच दारात. मांडवात पाणी गळतंय, आचारी चिडलाय, गुरुजी मुहूर्त मुहूर्त करताहेत. साडेआठ वाजले आणि नवा सदरा घातलेले, गंध लावलेले सर सरळ उठून अंगणात गेले. कुणीतरी धावत छत्री घेऊन गेलं तर त्याच्यावर खेकसले, छत्रीचं पाणी मापकात पडलं तर माप चुकतं म्हणून. भिजत वाकून, एक डोळा मिटून ते बाटलीकडं बघत राहिले. व्याह्यांनी विचारलं, "हे काय करताहेत?" काकींनी पदर सावरत सांगितलं, "पूजा करतायत."

सर निथळत आत आले. "एकोणतीस," म्हणाले. एवढा आनंद त्यांना मुलीला एवढं चांगलं स्थळ मिळाल्याचाही झाला नव्हता. पण व्याही निघाले बागायतदार. त्यांनी लगेच विचारलं, "आमच्याकडं किती झाला असंल हो?" सरांनी त्यांचं गाव कुठं, डोंगर कुणीकडं, ओढा कुठल्या दिशेला वाहतो असं विचारून घेतलं आणि दोघं कोपऱ्यात जाऊन बसले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, तुमच्या वीस बाय तीस फुटांच्या पत्र्यावर पंचावन्न लिटर, एकोणतीस मिलिमीटरला सोळाशे लिटर वाहून गेलं की हो! अंगठी कुणी कुणाला घातली ते दोघांनाही दिसलं नाही. ते नातं आजतागायत उत्तम आहे.

२००५ साली २६ जुलैच्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. सरांनी तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि कित्येक महिने कुणालाही पुसू दिला नाही. आमच्या तालुक्याचा जवळपास दोन वर्षांचा पाऊस, एका दिवसात. वर्गातल्या एका पोराचा चुलता मुंबईत रात्रभर गळाभर पाण्यात उभा होता. सरांनी त्या पोराला एस.टी.डी. बूथवर नेऊन फोन लावून दिला, चुलता बोलला तेव्हा स्वतः बाजूला जाऊन नाक शिंकरलं, आणि मग परत येऊन विचारलं, "पाणी किती वाजता चढलं विचार की त्यांना."

सहल म्हटली की बाकीच्या शाळा वॉटर पार्कला जायच्या. आमची सहल एस.टी.च्या अर्ध्या तिकिटात दर वर्षी महाबळेश्वर. तिथंही स्ट्रॉबेरी, घोडे, मक्याची कणसं हे सगळं शेवटी, वेळ उरला तर. आधी क्षेत्र महाबळेश्वर, पंचगंगेचं देऊळ, मग आर्थर सीटच्या वाटेवर धारेवर उभं करून प्रत्येकाला पाण्याची बाटली उघडायला लावायचे. "निम्मं पाणी हिकडं ओत. हे चाललं सावित्रीत, तिथनं बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्रात. आता पाठ फिरव आणि निम्मं तिकडं ओत. हे गेलं कृष्णेत. चौदाशे किलोमीटर. आंध्रात, बंगालच्या उपसागराला." वितभर अंतरावर ओतलेलं पाणी देशाच्या दोन टोकांना जाणार, हे सांगताना दर वर्षी त्यांचा आवाज थोडा घोगरा व्हायचा. पाणी खरं तर तिथंच मुरायचं, पण कुणी बोलायचं नाही. एकदा एका पोरानं तहानेपायी सगळी बाटली पिऊन टाकली. सर म्हणाले, "आता हे कुठल्या खोऱ्यात जाणार?" पोरगं विचारात पडलं आणि थोड्या वेळानं झाडीत पश्चिम उताराकडं जाताना दिसलं. सरांनी त्या वर्षी त्याला भूगोलाचं बक्षीस दिलं.

२०१८ साली दहावीचं पुस्तक बदललं आणि सरांच्या आयुष्यात ब्राझील आला. नवा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील यांची तुलना, पहिल्यापासून शेवटपर्यंत. स्टाफरूममध्ये कुरकुर सुरू झाली, की आपल्या पोरांना कशाला तो ब्राझील. सरही आधी नाराजच होते. मग त्यांनी पुस्तकात वाचलं की ब्राझीलच्या ईशान्येला उच्चभूमीच्या पलीकडं पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, त्याला 'अवर्षण चतुष्कोन' म्हणतात. झालं. पुस्तक उघडं हातात धरून सर स्टाफरूममधून थेट दहावी 'ब'मध्ये आले. तास गणिताचा चालू होता. "पोरांनो, ब्राझीलमधीबी माण तालुका हाय!" गणिताच्या बाईंनी खडू ठेवला. त्यांनाही सवय होती.

त्या वर्षी वर्ल्ड कपही होता. सरांनी त्याआधी फुटबॉल कधी पाहिला नव्हता, पण ब्राझीलची टीम आता आपली होती. ६ जुलैला ब्राझील–बेल्जियम, आपल्याकडं रात्री साडेअकराला. सरांनी दहावीच्या पोरांना मॅच बघायला घरी बोलावलं. सुरू होण्यापूर्वी पाटीवर गणित: भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशावरची, ब्राझीलची ४५ अंश पश्चिम. फरक एकशे साडेसत्तावीस अंश. एका अंशाला चार मिनिटं. पाचशे दहा मिनिटं, म्हणजे साडेआठ तास. "तिथं आत्ता दुपारचे तीन वाजल्यात. लोक जेवून बसली असतील." मॅच मध्ये कुठंतरी चालू होती. नेमार पडला की काकी हळहळायच्या, सर सांगायचे, साओ पावलो राज्यातला आहे, उच्चभूमीचा माणूस. ब्राझील २-१ हरलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी सगळ्यांना एकेक काजू वाटला. पोर्तुगीजांबरोबर तो त्याच ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्यावरून गोव्यात आला, हे सांगून म्हणाले, "खा. दुखवट्याचा हाय."

त्याच सुमाराला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं वारं आमच्या भागात जोरात होतं. २०१८ चा पहिला नंबर माण तालुक्यातल्याच टाकेवाडीनं काढला. आमच्या गावचं श्रमदान बघायला सर गेले तर लोक उत्साहात डोंगरावर वाटेल तसे चर खणत होते. समोच्चरेषा म्हणजे काय, हे सरांनी तीस वर्षं बटाटा मधोमध कापून, तो ताटात उभा ठेवून, पाणी चढवत चढवत शिकवलं होतं. घरातले किती बटाटे त्यात गेले याचा हिशेब काकींकडं आहे. सर बांधावर उभे राहून ओरडले, "आरं, उताराला आडवं! एका पातळीत! बटाटा आठवा!" आणि नकाशाच्या प्रश्नात हमखास नापास होणारे आमच्या वर्गातले दोन पैलवान, आता ट्रॅक्टरवाले, पाणी भरलेली नळी दोन टोकांना धरून पातळी मिळवायला लागले. त्या दिवशी सरांनी त्यांना तिथंच डोंगरावर, वीस वर्षं उशिरा, चारपैकी चार मार्क जाहीर केले.

सरांच्या नोकरीतलं सर्वांत मोठं दुःख मात्र २०२० चं. मार्चमध्ये दहावीची परीक्षा चालू होती, शेवटचा पेपर राहिला होता, तो २३ तारखेला होता, आणि करोनामुळं आधी पुढं ढकलला, मग रद्दच झाला. तो पेपर होता भूगोलाचा. सगळे विषय झाले, भूगोल तेवढा राहिला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवर मार्क दिले गेले. सरांना पटेचना की मराठीच्या आणि बीजगणिताच्या जिवावर कुणी भूगोलात पास होऊ शकतं. "निबंध चांगला लिहिला म्हणून अॅमेझॉनचं खोरं कसं कळंल?" ते कुणालाही फोन करून विचारायचे. पुढच्या वर्षी नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय लागला, म्हणजे सरांचा जन्मभराचा ध्यास एकदाचा सरकारी वेळापत्रकात आला, तर वर्ग बंद. सर मोबाइलपुढं बसून तीन पोरांना आणि एका पोराच्या आजोबांना तो शिकवत राहिले. आजोबा सगळ्यात हुशार निघाले.

त्या २०२० च्या बॅचला सर अजून सोडत नाहीत. कुणी इंजिनिअर झालाय, कुणी पोलीस भरतीत लागलाय, कुणाचं लग्न ठरलंय. सर अक्षता टाकून झाल्या की नवरदेवाच्या कानाशी लागतात, "तुझा भूगोलाचा पेपर राहिलाय बरं का." एका नवऱ्या मुलीला तर स्टेजवर फोटोच्या रांगेत ब्राझीलची राजधानी विचारली. तिनं 'ब्राझिलिया' सांगितलं. "कधीपासून?" "१९६०, सर." सर खूश होऊन खाली उतरले, आहेराचं पाकीट खिशातच राहिलं. ते काकींनी नंतर जाऊन दिलं.

२०२२ ला अठ्ठावन्न पूर्ण होऊन ते निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि माजी विद्यार्थ्यांकडून पितळी होकायंत्र. प्रत्येक वक्ता उठून 'सरांनी आम्हाला आयुष्यात दिशा दाखवली' असं म्हणत होता. चौथ्या की पाचव्या वेळेला सर शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांकडं वळून म्हणाले, "कुठली ते कुणीच सांगंना." उत्तराच्या भाषणात त्यांनी होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तर दाखवत नाही, चुंबकीय दाखवते, एवढाच मुद्दा मांडला आणि बसले. जेवणं वेळेवर झाली.

आता त्यांचा सगळा वेळ व्हॉट्सअॅपवर जातो. 'पाऊस सकाळी ८.३०' नावाचा गट आहे. त्यात महाड, पुणे, डोंबिवली, सांगली अशा ठिकाणी पांगलेले जुने विद्यार्थी आहेत आणि लेहला असलेला एक फौजी, जो जवळजवळ बाराही महिने इमानानं '०' पाठवतो. सगळ्यांकडं सरांनी सांगितलेल्या मापाची बाटली आहे. परवा डोंबिवलीकरानं लिहिलं, "सर, इकडे खूप पडतोय." मिनिटभरात सरांचं उत्तर: "खूप हे एकक नाही."

कोयनानगर आणि आंबोली या दोन जागा गटात अजून रिकाम्या आहेत आणि त्यामुळं सरांना झोप लागत नाही. वाचकांपैकी तिथं कुणी राहत असेल तर कृपया कळवावं. बाटली, खडे आणि फुटपट्टी सर स्वखर्चानं पाठवतील. फक्त फोन आला की पहिल्यांदा घर डोंगराच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगा, आणि डावीकडं-उजवीकडं असं काही बोलू नका.